कामाच्या ओझ्याने गुदमरल्यासारखे होते तेव्हा: क्लेम विभागातील एका टीम लीडरला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई ३४ वर्षांच्या आहेत, डोंबिवलीला राहतात आणि वांद्रे-कुर्ला संकुलातील एका आरोग्य विमा कंपनीच्या क्लेम विभागात काम करतात. आठ महिन्यांपूर्वी बढती मिळून त्या टीम लीडर झाल्या. त्यानंतर अकरा जणांच्या टीममधले दोघे नोकरी सोडून गेले आणि त्यांच्या जागा अजून भरलेल्या नाहीत. रात्री अकरापर्यंत व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज येत राहतात, पहाटे तीन-साडेतीनला जाग येते आणि राहिलेल्या फायली डोळ्यांसमोर येऊ लागतात. गेल्या महिन्यात दोनदा त्या ऑफिसच्या स्वच्छतागृहात जाऊन रडल्या. मुलगी दुसरीत आहे, घरी सासूबाई आहेत, पती समजूतदार आहेत पण त्यांचीही शिफ्टची नोकरी आहे. त्या लिहितात, "रोज निघताना मीच ठरवते की आज कोणती फाइल मागे ठेवायची, आणि मग रात्रभर तीच फाइल आठवत राहते. माझ्यातच काही कमी आहे का? वेळेचे नियोजन कसे शिकू? की राजीनामा देऊन मोकळी होऊ?"

ताई, मुंबई-ठाण्यातील नोकरदार माणसांसोबत समुपदेशक म्हणून मी गेली २३ वर्षे काम करते आहे आणि तुमच्या पत्रासारखी पत्रे माझ्याकडे सतत येतात. तरीही तुमचे पत्र मी तीनदा वाचले, कारण दुखणे नेमके कुठे आहे ते तुम्ही स्वतःच त्यात लिहून ठेवले आहे. काम समजत नाही, असे तुमच्या पत्रात कुठेही नाही. काम करावेसे वाटत नाही, असेही नाही. नऊ माणसांत अकरा माणसांचे काम मावत नसल्यामुळे रोज काहीतरी राहणारच आहे, आणि काय राहावे हे ठरवणे हा खरे तर कंपनीचा, म्हणजे तुमच्या वरिष्ठांचा निर्णय आहे. तो निर्णय तुम्ही एकट्याने, कोणालाही न सांगता, संध्याकाळी सात वाजता दमलेल्या डोक्याने घेता आणि त्याचा दोषही स्वतःच्याच माथी घेता. माझ्या अनुभवात कामाच्या प्रमाणापेक्षा असा गुपचूप घेतलेला निर्णय माणसाला अधिक पोखरतो. तेव्हा तुमच्यात काही कमी नाही, हे पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी नि:शंकपणे देते.

रॉबर्ट कॅरासेक या संशोधकाने १९७९ साली कामाच्या ताणाविषयी एक मांडणी केली, जी आजही या क्षेत्रात पायाभूत मानली जाते. केवळ काम जास्त असल्याने माणूस मोडत नाही. काम जास्त आणि त्या कामाविषयी ठरवण्याचा अधिकार कमी, अशी जोडी जमली की ताण हानिकारक होतो, असे त्यांनी दाखवले. बढतीनंतर तुमची जबाबदारी वाढली, पण कोणते काम आधी, कोणते नंतर आणि कोणते मुळीच नाही हे मोकळेपणाने सांगण्याचा अधिकार तुम्ही मागितला नाही आणि कोणी आपणहून दिलाही नाही.

म्हणूनच वेळेचे नियोजन शिकवा, ही तुमची विनंती मी बाजूला ठेवते. माझ्या कामाच्या सुरुवातीच्या काही वर्षांत मी कंपन्यांमध्ये वेळ-नियोजनाच्या कार्यशाळा घेत असे. लोक मन लावून तक्ते भरत, पहाटे पाचचे गजर लावत आणि दोन महिन्यांनी अधिक दमून परत येत, कारण वाचवलेल्या प्रत्येक अर्ध्या तासात नवे काम येऊन बसत असे. ज्यांच्या कामाचे प्रमाणच अशक्य आहे त्यांना मी आणखी वेगाने धावायला शिकवत होते, ही माझी चूक होती. ती लक्षात आल्यानंतर मी अशा कार्यशाळा घेणे बंद केले.

आधी त्या क्षणाबद्दल, जेव्हा रडू फुटते किंवा छातीत धडधडून समोरच्या स्क्रीनवरची अक्षरेच वाचता येत नाहीत. अशा वेळी शरीर संकटाच्या अवस्थेत गेलेले असते. अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल वाढलेले असते, श्वास उथळ झालेला असतो आणि तोलूनमापून विचार करण्याची क्षमता तात्पुरती मंदावलेली असते. त्या पाच-दहा मिनिटांत कामांची यादी करू नका, मेलला उत्तर देऊ नका आणि कोणताही निर्णय घेऊ नका. जागेवरून उठा, तोंडावर गार पाणी मारा, दोन्ही पावले जमिनीवर नीट टेकवून उभ्या राहा आणि चार आकडे मोजत श्वास घेऊन सहा आकडे मोजत सोडा; असे निदान पाच मिनिटे करा. उच्छ्वास लांबला की हृदयाची गती उतरते, हा शरीराचा धर्म आहे. त्यासाठी मन शांत असावे लागत नाही. परत जागेवर आल्यावर एकच ओळ कागदावर लिहा: आता हाताने करायची पहिली गोष्ट कोणती. "शर्मांची फाइल संपवणे" असे नव्हे, तर "शर्मांच्या फायलीतील डिस्चार्ज समरी उघडणे" इतके बारीक लिहा. आणि रडू आले याची लाज बाळगू नका; ताण सहन करण्याची सीमा आली की शरीर ते असे सांगते.

आता मुख्य कामाकडे येऊ. येत्या रविवारी दीड तास काढा आणि डोक्यात असलेले प्रत्येक काम कागदावर उतरवा. मोबाइलमध्ये किंवा एक्सेलमध्ये नको. हाताने, फुलस्केप कागदावर, एका ओळीत एक काम. ऑफिसचे आणि घरचे वेगळे करू नका, कारण डोक्यात ते वेगळे नसते. हे किती महत्त्वाचे आहे ते कळावे म्हणून एक प्रसंग सांगते. व्यक्ती ओळखू येऊ नये इतपत तपशील बदलले आहेत.

एका बँकेत अधिकारी असलेले गृहस्थ माझ्याकडे आले होते. शाखेत ऑडिट तोंडावर आलेले होते आणि "मॅडम, मला शंभर कामे आहेत" हेच वाक्य ते पुन्हा पुन्हा बोलत होते. मी त्यांच्यापुढे कागद आणि पेन्सिल ठेवली आणि ती शंभर कामे लिहायला सांगितले. पहिल्या दहा मिनिटांत तीस ओळी भराभर झाल्या. मग हात मंदावला, ते खिडकीकडे बघत, एखादी ओळ लिहीत, पुन्हा थांबत. चाळीस मिनिटांनी कागदाच्या मागच्या बाजूला शेवटची ओळ आली: "आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन, तारीख घेणे." मोजल्यावर एकूण ४६ ओळी भरल्या. त्यांना स्वतःलाच ते खरे वाटेना, म्हणून त्यांनी पुन्हा मोजल्या.

मग आम्ही प्रत्येक ओळीसमोर खूण केली. ११ कामे दहा मिनिटांच्या आतली होती. ९ कामांत चेंडू दुसऱ्याच्या अंगणात होता. यांना फक्त उत्तराची वाट पाहायची होती, पण ते वाट पाहणेही ते काम म्हणून वाहत होते. ७ कामांबद्दल गेल्या दोन महिन्यांत कोणी एक शब्दही विचारलेला नव्हता. ५ कामे त्यांच्या आधीच्या पदाची होती, जी बदली होऊनही त्यांच्याच गळ्यात राहिली होती. उरली १४. त्या प्रत्येकासमोर मी त्यांना तासांचा अंदाज लिहायला लावला आणि बेरीज ६१ तास आली. आठवड्याच्या ४५ तासांतून मीटिंगचे १६ आणि काउंटरवरच्या ग्राहकांचे ९ तास वजा केल्यावर त्यांच्या हातात २० तास उरत होते. २० तासांत ६१ तासांचे काम न जमल्याबद्दल हे गृहस्थ चार महिने स्वतःला नालायक ठरवत होते. ते बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिले आणि मग हळूच म्हणाले, "म्हणजे मी आळशी नाही." जाण्यापूर्वी त्यांनी माझ्यासमोरच डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावून आईची तारीख घेतली, सहा मिनिटे लागली.

यामागचे कारण साधे आहे. एका वेळी मनात धरून ठेवता येतील अशा गोष्टींची संख्या फार लहान असते. नेल्सन कोवान यांनी २००१ साली केलेल्या आढाव्यात ती चारच्या आसपास असल्याचे मांडले आहे. बाकीच्या गोष्टी आत-बाहेर करत राहतात आणि प्रत्येक खेपेला नव्याने दचकवतात. म्हणून ४६ कामे शंभरासारखी वाटतात. तुम्हीही याच पाच खुणा करा आणि शेवटच्या गटासमोर तास लिहा. तासांचा अंदाज लिहिताना मनात येणारा पहिला आकडा सहसा अपुरा असतो, म्हणून तो दीडपट करून लिहा. हा कागद जपून ठेवा. तो कोणापुढे ठेवायचा ते शेवटी सांगते.

तुमच्या विभागाची एक खास अडचण आहे, तिच्याकडे वेगळे लक्ष द्यायला हवे. विमा नियामक प्राधिकरणाने मे २०२४ मध्ये काढलेल्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या, म्हणजे रुग्णालयाचे बिल कंपनीने थेट भरावे या विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यावा लागतो. हा नियम रुग्णाच्या हिताचा आहे, योग्यच आहे. पण त्यामुळे तुमच्या टेबलावर दोन अगदी वेगळ्या जातींची कामे एकत्र येतात. एक घड्याळाचे काम, जे आले की लगेच हातात घ्यावेच लागते. दुसरे ढिगाचे काम: प्रतिपूर्तीचे, म्हणजे रुग्णाने आधी स्वतः भरलेले बिल परत मागण्याचे दावे, तक्रारींची उत्तरे, महिन्याचा अहवाल, नव्या माणसाचे प्रशिक्षण. ही दोन्ही कामे एकाच माणसाने एकाच तासात करायची म्हटली की घड्याळ नेहमी जिंकते, ढीग वाढत जातो, आणि दिवसभर मान मोडून काम करूनही संध्याकाळी काहीच झाले नाही असे वाटते. सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये दाखवले की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळल्यावर लक्षाचा काही भाग आधीच्या कामातच अडकून राहतो. तुम्ही तक्रारीचे उत्तर लिहीत असता, मध्येच कॅशलेसची विनंती येते, ती निकाली काढून परत येता तेव्हा उत्तरातले तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचावे लागते. दिवसातून असे तीस वेळा झाले तर किती ताकद त्यातच जाते याचा हिशेब करा.

यावर उपाय माणसांची विभागणी हा आहे. नऊ जणांपैकी ठरावीक जण सकाळच्या सत्रात फक्त घड्याळाचे काम पाहतील, बाकीचे फक्त ढिगाचे, आणि दुपारी जेवणानंतर अदलाबदल, असा साधा तक्ता करून दोन आठवडे चालवून पाहा. तुमच्यासाठी रोज दीड तास असा ठेवा ज्यात विचारायला येणाऱ्यांना तुमच्याऐवजी टीममधील एक अनुभवी सहकारी उत्तर देईल. सुरुवातीला लोक तरीही तुमच्याच खुर्चीपाशी येतील; "अकरा वाजता ये, तेव्हा नीट बोलू" असे शांतपणे सांगा. माझ्या पाहण्यात चांगल्या टीमला हे अंगवळणी पडायला आठ-दहा दिवस लागतात.

इथे तुमच्या एका सवयीबद्दल थोडे स्पष्ट बोलते. तुम्ही लिहिले आहे की कठीण फाइल आली की "मीच करते, पटकन होते." ते खरे आहे, तुम्ही त्या विभागातील सर्वांत चांगल्या क्लेम प्रोसेसर होता म्हणूनच तुम्हाला बढती मिळाली. परंतु बढतीनंतरही तुम्ही मनाने त्याच खुर्चीत बसून आहात आणि वर टीम लीडरचे काम घेतले आहे, म्हणजे तुम्ही दोन पदे सांभाळत आहात. कठीण फाइल तुम्ही वीस मिनिटांत कराल, सहकाऱ्याला शिकवायला पन्नास मिनिटे लागतील. पण पुढच्या महिन्यात तशा बारा फायली येणार आहेत. शिकवताना नुसते "हे तू बघ" म्हणू नका, सीमा आखून द्या: कोणत्या प्रकारचा निर्णय त्याने स्वतः घ्यायचा, कोणता घेऊन मग कळवायचा आणि कोणत्यासाठी आधी विचारायचे. मंजुरीच्या रकमेची मर्यादा तुमच्या कंपनीने ठरवलेली असेलच. ती दोन अनुभवी सहकाऱ्यांसाठी वाढवता येते का, हे वरिष्ठांना लेखी विचारण्यासारखे आहे. सहकाऱ्याने पहिल्या आठवड्यात एखादी चूक केली तर फाइल परत ओढून घेण्याचा मोह आवरा.

पहाटे साडेतीनच्या जागरणाबद्दल. अर्धवट राहिलेली कामे पूर्ण झालेल्या कामांपेक्षा मनात अधिक घोळतात, हे निरीक्षण ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ साली प्रसिद्ध केले. पुढे २०११ मध्ये मासिकाम्पो आणि बॉमायस्टर यांच्या प्रयोगांत असे दिसले की काम पूर्ण न करता, ते केव्हा आणि कसे करायचे याची नेमकी योजना लिहून ठेवली तरी त्याचे मनात घुसणे बरेच कमी होते. तुमच्यासाठी हे फार उपयोगाचे आहे. निघण्यापूर्वीची शेवटची बारा मिनिटे यासाठीच ठेवा. राहिलेल्या प्रत्येक फायलीसाठी दोन ओळी: कुठपर्यंत आले आहे आणि उद्या किती वाजता कोणते पहिले पाऊल. मग लॅपटॉप बंद. कुर्ल्याला गाडी पकडताना ती वही बॅगेत आहे एवढे पुरे. गाडीत मेल उघडू नका. सकाळी उलट दिशेच्या डाउन लोकलने कल्याणपर्यंत जाऊन बसायला जागा मिळवण्याची तुमची धडपड तुम्ही लिहिली आहे. त्या जागेवर मिळणारा पाऊण तास मीटिंगच्या तयारीसाठी नव्हे, डोळे मिटून घेण्यासाठी वापरा. झोप अपुरी असताना हा पाऊण तास कोणत्याही अहवालापेक्षा मोलाचा आहे.

रात्रीच्या ग्रुपचा प्रश्न तुम्ही एकट्याने फोन बंद करून सुटणार नाही, कारण कॅशलेस रात्रीही चालू असते आणि फोन बंद केलात तर काळजीनेच झोप उडेल. टीमला एक ठरलेली पद्धत सुचवा: रात्रीसाठी आठवड्यागणिक एक जबाबदार माणूस, त्याच्या भरपाईची सोय, आणि सर्वांसाठी एकच नियम, की तातडीचे असेल तर फोन करायचा, मेसेज टाकलेला असेल तर तो सकाळीच पाहिला जाईल. वरिष्ठांची संमती घेऊन हा नियम ग्रुपवर सर्वांत वर लावून ठेवा. आणि तुम्ही स्वतः रात्री साडेदहाला मेसेज टाकत असाल तर तो आधी थांबवा. टीम लीडर जागी आहे असे दिसले की टीमही जागी राहते.

घराबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण तुमची मुख्य अडचण तिथे नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, स्वतःच्या घरातील कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्या कामांत जाणारा दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटे आणि पुरुषांचा ९७ मिनिटे निघाला होता. पतींना "मदत करा" असे सांगण्यापेक्षा एखादे काम मुळापासून त्यांच्याकडे सोपवा: उदाहरणार्थ मुलीची शाळा, म्हणजे डबा, वही, पालकसभा, फी, तिच्या शाळेच्या ग्रुपवरचे मेसेज, सगळे. लक्षात ठेवण्याचे ओझेही त्यांच्याकडे गेले तरच तुमचे डोके रिकामे होईल. सासूबाईंना तुमच्या नोकरीतील ताणाची कल्पना द्या. पुष्कळ घरांत त्यांना कोणी काही सांगितलेलेच नसते.

प्रकृतीच्या बाबतीत मात्र मी आग्रह धरते. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२२ पासून लागू केलेल्या आजारांच्या वर्गीकरणात 'बर्नआउट' हा आजार म्हणून नाही, तर कामाशी निगडित अवस्था म्हणून नोंदवलेला आहे, आणि त्याची तीन लक्षणे दिली आहेत: सततचा शक्तिपात, कामाबद्दल तुटकपणा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही ही भावना. तुमच्या पत्रात पहिले आणि तिसरे आहे. पण याच वेषात दुसरेही काही येऊ शकते, म्हणून आधी फॅमिली डॉक्टरांकडे जाऊन हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि ब-१२ जीवनसत्त्व तपासून घ्या. शाकाहारी घरांत ब-१२ ची कमतरता पुष्कळ आढळते आणि थकवा, चिडचिड, विसरभोळेपणा ही तिची लक्षणे कामाच्या ताणात सहज खपून जातात. रजेच्या दिवशीही मन उदास राहणे, मुलीशी खेळतानाही आनंद न वाटणे, भूक आणि झोप बिघडणे हे सलग दोन आठवडे चालू असेल तर तो केवळ कामाचा ताण नाही; मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. केईएम, नायर, शीव येथील महापालिकेच्या रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. जगणे नकोसे वाटण्याचा विचार एकदा जरी मनात आला तर वाट पाहू नका. टेलिमानस ही शासनाची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते आणि मराठीतून बोलता येते.

ऑफिसला कळेल या भीतीने बरेच जण उपचार टाळतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार उपचारांची माहिती गोपनीय ठेवली जाण्याचा तुम्हाला हक्क आहे. त्याच कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारासाठी शारीरिक आजाराप्रमाणेच विमा देणे बंधनकारक केले आहे. तुम्ही रोज इतरांचे दावे मंजूर करता. तो हक्क तुमचाही आहे.

आता त्या कागदाबद्दल. "सर, मला खूप लोड आहे" असे तुम्ही दोनदा सांगितलेत आणि दोन्ही वेळा "सगळ्यांनाच आहे, मॅनेज करा" असे उत्तर मिळाले, हे तुम्ही लिहिले आहे. त्या वाक्याला दुसरे उत्तर मिळणे कठीण होते, कारण त्यात वरिष्ठांना ठरवण्यासारखे काहीच नव्हते. लोड ही तुमची भावना झाली. भावनेला सहानुभूती मिळते, निर्णय मिळत नाही. या वेळी कागद समोर ठेवून असे बोला: "सर, या आठवड्यात माझ्याकडे ही एवढी कामे आहेत आणि माझ्या अंदाजाने त्यांना इतके तास लागतील. माझ्या हातात इतकेच तास आहेत. ही पाच आधी व्हावीत असे मला वाटते. बाकीची पुढच्या आठवड्यावर गेली तर चालतील का, की यातली काही दुसऱ्या टीमकडे देता येतील? तुम्ही सांगाल त्या क्रमाने करते." यात तक्रार नाही, रडगाणे नाही आणि नकारही नाही. फक्त काय राहावे हा निर्णय, जो तुम्ही रोज सात वाजता एकट्या घेत होता, तो ज्याचा त्याच्यापुढे ठेवला आहे.

"सगळेच अर्जंट आहे" असे ते म्हणतील अशी मनाची तयारी ठेवा. तेव्हा यादीतील दोनच कामांवर बोट ठेवा आणि विचारा, "आज सहा वाजेपर्यंत या दोनपैकी एकच होणार असेल तर कोणते करू?" दोनांतून एक निवडणे कोणालाही जमते. बोलणे संपल्यावर त्याच दिवशी चार ओळींचा मेल करा: आपले बोलणे झाल्याप्रमाणे ही कामे या आठवड्यात, ही पुढच्या, आणि रिक्त दोन जागांबाबत अमुक तारखेपर्यंत कळेल असे ठरले. हा मेल कोणाला पकडण्यासाठी नाही. पुढच्या वेळी बोलणे तिथून पुढे सुरू व्हावे यासाठी आहे. दर आठवड्याला नवा कागद करा आणि हे बोलणे दर आठवड्याला करा, निदान सहा आठवडे.

राजीनाम्याचा विचार या सहा आठवड्यांनंतर करा. त्या काळात क्रम ठरवून मिळाला, एखादी जागा भरली गेली, झोप थोडी सुधारली, तर नोकरी सोडण्याचे कारण राहणार नाही. उलट सहा वेळा कागद ठेवूनही एकदाही काही कमी झाले नाही, किंवा आकडे दाखवल्याबद्दल तुम्हालाच बोलणी बसली, तर ती नोकरी बदलण्यासारखी आहे. मग दुसरीकडे अर्ज सुरू करा, आणि हातात नियुक्तीपत्र आल्यावरच राजीनामा द्या. कंपनीच्या समूह विम्यात सासूबाईंचेही नाव असेल तर नोकरीच्या शेवटच्या दिवसानंतर त्यांच्या संरक्षणाचे काय, हे आधी पाहून घ्या; त्यातले बारकावे तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहेत.

येत्या शुक्रवारी महिन्याच्या आढाव्याची बैठक आहे असे तुम्ही लिहिले आहे. हे बोलणे त्या बैठकीत, सर्वांच्या देखत करू नका. गुरुवारी दुपारी जेवणानंतर पंधरा मिनिटे मागून घ्या आणि कागदाच्या दोन प्रती न्या, एक सरांसाठी आणि एक तुमच्यासाठी, म्हणजे ते सांगतील तो क्रम तुम्हाला तिथेच पेन्सिलीने लिहून घेता येईल.